कार मागितली, तार मिळाली

आलमबाग, लखनौ

चि. राणीस,

वाचा-भाषा उपचाराची एम.एस्सी. करणारी मुंबईची मुलगी लखनौला पोस्टिंगसाठी निघाली की घरचे आधी कानटोपी बांधून देतात. ठीकच आहे, पण ती क्लिनिकमध्ये काढून बसावं. तिथे सगळं काम कानांचंच असतं.

आपल्याकडे हे शिक्षण सुरू होऊन साठेक वर्षं झाली. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी बंधनकारक झाली. नोंदणी पदवीवर मिळते. उच्चार पारखायला मात्र पेशंटसमोरच शिकावं लागतं.

इथल्या पेशंटांचंच बघ. फाळणीनंतर आलमबागेत पंजाबी, सिंधी कुटुंबं वसली. आसपासच्या गावांतून अवधी येते. पंजाबीत शब्दारंभीचे घ, झ, ध, भ सुराच्या चढउतारात विरतात, त्यामुळे पंजाबी आजोबांच्या नातवाचा ‘घोडा’ ‘कोडा’सारखा ऐकू येतो. अवधी घरात ‘श’चा ‘स’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. शिकाऊ विद्यार्थिनी फाइलीत ‘उच्चारदोष’ लिहून मोकळी होते. पोर बिचारं घरच्यांसारखं बोलत असतं! लखनौत वाढलेलं मराठी मूल ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणालं, तर तेही त्यातलंच. म्हणून केस हिस्टरी घेताना घरात कोण कोणत्या भाषेत बोलतं हे आधी विचारावं, सोबत आलेल्या आजीला चार वाक्यं बोलती करावी आणि मगच मुलाची चाचणी घ्यावी.

खरा दोष निराळा दिसतो. समजा, पाच वर्षांचं मूल ‘क’च्या जागी सरसकट ‘त’ म्हणतंय. आधी त्याची श्रवणचाचणी. ऐकू नीट येत असेल तर टेबलावर दोन चित्रं मांडायची, कार आणि तार. हे शब्द हिंदीतही चालतात, मराठीतही. मूल मोटारीकडे बघत ‘तार’ म्हणालं की थेरपिस्टने निमूट तारेचं कार्ड पुढे करायचं. मूल वैतागतं, पुन्हा मागतं, पुन्हा तारच मिळते. आपल्या बोलण्यात काहीतरी चुकतंय, हे तेव्हा त्याला उमगतं. मग स्पॅच्युलाने जिभेचं टोक अलगद खाली धरलं की मागचा भाग उचलायला मदत होते. नवशिक्या मुली मुलाला उमगेपर्यंत थांबत नाहीत. ‘क म्हण, क म्हण’ करून मुलाला रडवतात.

‘घरी फक्त हिंदीच बोला’ असंही पालकांना सांगू नये. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. उलट आजीशी नातवाचं बोलणं तुटलं, तर रोजच्या सरावाची हक्काची जागाच जाते.

येताना मुंबईची चित्रकार्डं आणू नकोस. पापलेट नि लोकल गाडी इथल्या मुलांना काय कळणार? पेरू, ई-रिक्षा, पतंग अशी नवी कार्डं आलमबागच्या बाजारात हिंडून आपण दोघी करू. मेट्रोने आलमबाग स्टेशनला उतर, न्यायला येते.

तुझी,
आत्या