मूत्रधारेचे मापन: घरी की दवाखान्यात?

प्रश्न : वय ६८. धार मंदावली आहे. दवाखान्यात संकोचामुळे लघवीच होत नाही. मुलगा घरी वापरायचे डिजिटल यंत्र मागवू म्हणतो. मागवावे काय?
— एक वाचक, मल्लेश्वरम, बेंगळुरू

उत्तर : आपला संकोच हा या परीक्षेचा जुनाच वैरी होय. १९४८ साली अमेरिकेत विलार्ड ड्रेक यांनी मूत्राचे वाढते वजन फिरत्या कागदावर नोंदविणारे उपकरण रचले, आणि आजच्या पुष्कळ डिजिटल यंत्रांतही भांड्याखालचा वजनकाटा हेच काम करून दर सेकंदाच्या मिलिलिटरांचा आलेख काढतो. कमाल वेग १५ च्या वर असल्यास सहसा चिंता नसते. १० च्या खाली गेल्यास अडथळ्याचा संशय बळावतो. मात्र प्रोस्टेट ग्रंथीने वाट अडविली की मूत्राशयाचा स्नायूच थकला, याचा निवाडा आलेख देत नाही. लघवी १५० मिलिलिटरहून कमी झाली असेल, तर तो आकडा मी दप्तरी दाखलही करून घेत नाही.

घरी घाईविना, दिवसरात्रीच्या अनेक नोंदी मिळतात, हा लाभ मोठाच. परंतु भांड्याला धक्का लागला तरी आलेखात खोटे शिखर उमटते, आणि मागे उरलेले मूत्र सोनोग्राफीवाचून कळत नाही. म्हणून आधी तज्ज्ञांना भेटा. व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात नेफ्रो-युरोलॉजीची सरकारी संस्था आहे. यंत्र त्यानंतर खुशाल मागवा. लघवी तुंबल्यास, रक्त दिसल्यास वा थंडीताप आल्यास मात्र आलेख पाहत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.