मनोऱ्याचा किनारा

तमिळनाडूतील तंजावर हे नाव मराठी माणसाला परके वाटत नाही. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे आपली सत्ता स्थापिली आणि 1855 पर्यंत हे राजघराणे तेथे नांदले. महाराष्ट्रातून आलेला प्रवासी बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर पाहतो, त्याच मंदिराच्या भिंतीवर 1803 साली कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास न्याहाळतो, सरस्वती महालातील ग्रंथसंपदा पाहून थक्क होतो आणि बहुधा तेथूनच माघारी फिरतो. तंजावर जिल्ह्याला समुद्रकिनारा आहे, हे त्याच्या गावीही नसते.

हा किनारा शहराच्या दक्षिणेस सुमारे 65 किलोमीटरवर आहे. वाटेत प्रथम लागतात ती कावेरीच्या कालव्यांवर पोसलेली भातशेते. ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले छत्र आहे. रामेश्वराच्या यात्रेकरूंना विसावा व अन्न मिळावे म्हणून तंजावरच्या राजांनी या मार्गावर अशी छत्रे उभारली. पट्टुकोट्टई मागे पडले की भाताची जागा नारळाच्या बागा घेतात. नोव्हेंबर 2018 मधील ‘गज’ चक्रीवादळाने या भागातील असंख्य माड एका रात्रीत आडवे केले. भाताचे पीक पुढल्या हंगामात पुन्हा घेता येते. माड फळाला यायला मात्र वर्षे लागतात. म्हणूनच त्या वादळाचा घाव येथील शेतकऱ्याच्या जिव्हारी लागला.

सेतुबावाछत्रम् या गावाजवळ झाडी विरळ होते आणि समोर एक षट्कोनी, आठ मजली, सुमारे 75 फूट उंचीची वास्तू दिसू लागते. मजल्यागणिक ती निमुळती होत जाते. भोवती खंदक आहे. तमिळ लोक तिला ‘मनोरा’ म्हणतात. हा शब्द मुळात अरबी. फारसीतून तो मराठीत रुळला आणि मराठी राजाच्या वास्तूबरोबर या किनाऱ्यावर येऊन राहिला. आसपासचे तमिळ कोळी आज तो आपलाच म्हणून उच्चारतात.

मनोरा कशासाठी बांधला, हे तेथील शिलालेख सांगतो. इंग्रजांच्या शस्त्रांचा विजय आणि नेपोलियन बोनापार्टचे पतन यांचे स्मारक म्हणून सरफोजींनी तो उभारला. मजकूर पाच भाषांत असून त्यांत इंग्रजी व तमिळ यांबरोबर मराठीही आहे. पुष्कळ जण येथे वॉटर्लूच्या लढाईचे नाव घेतात. परंतु ती लढाई जून 1815 मधली आणि लेखावरील साल 1814 आहे. तेव्हा स्मारकाचा संबंध नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते.

दूरच्या युरोपातील विजयाचे स्मारक तंजावरच्या राजाने का बांधावे? 1799 च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती सोपविला होता. त्यांच्याकडे उरला तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. सैन्य नाही, शत्रू नाही, स्वतःचा विजयही नाही. अशा राजाने दुसऱ्याच्या विजयाचा स्तंभ उभारला, याला कोणी लाचारी म्हणेल. पण याच नेमणुकीतून ग्रंथालय वाढले, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग झाले, 1806 साली इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापून निघाले. कंपनीची मर्जी सांभाळणे ही या उद्योगांची किंमत होती. ती त्यांनी चुकती केली आणि पावती दगडात कोरून ठेवली, असेच म्हणावे लागते.

मनोऱ्यापुढचा समुद्र कोकणातल्यासारखा गर्जत नाही. हा पाल्कच्या उपसागराचा उत्तर किनारा. समोर श्रीलंकेचा आडोसा असल्याने लाटा लहान, पाणी उथळ आणि रंग मातकट हिरवा. खडक नाहीत, उंच कडे नाहीत; प्रथमदर्शनी प्रवाशाची थोडी निराशाच होते. खरे वैभव पाण्याखाली आहे. तळाशी समुद्रगवताची विस्तीर्ण कुरणे पसरली असून त्यांवर समुद्रगाय चरते. तमिळमध्ये तिला ‘कडल् पसु’ म्हणतात. हा सस्तन प्राणी दिवसाकाठी तीस-चाळीस किलो गवत खातो आणि श्वासासाठी अधूनमधून पृष्ठभागावर येतो. शिकारीमुळे आणि जाळ्यांत गुदमरल्यामुळे त्याची संख्या फार घटली. सप्टेंबर 2022 मध्ये तमिळनाडू शासनाने तंजावर व पुदुकोट्टई जिल्ह्यांलगतचे सुमारे 448 चौरस किलोमीटर सागरी क्षेत्र समुद्रगायीसाठी राखीव म्हणून घोषित केले. भारतातील हे असे पहिलेच क्षेत्र.

कुरणे टिकली तर मासळीही टिकते, कारण कित्येक माशांची व कोळंबीची पिले याच गवतात वाढतात. हे कोळ्यांना ठाऊक आहे. समुद्रगाय जाळ्यात सापडली तर तिला जिवंत सोडण्यासाठी महागमोलाचे जाळे कापावे लागते. तसे करणाऱ्या कोळ्यांना वनखाते रोख बक्षीस देते.