व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आवाज : नॉबच्या आधी आणि नॉबच्या नंतर

व्हॉल्व्हच्या गिटार अ‍ॅम्पमध्ये आवाज टप्प्याटप्प्याने घडतो. पिकपमधून आलेला क्षीण सिग्नल आधी ईसीसी ८३ जातीचे छोटे व्हॉल्व्ह मोठा करतात. टोनचे बहुतेक नॉब याच भागात असतात. पुढे ईएल ८४, ईएल ३४ किंवा ६एल६ यांसारखे पॉवर व्हॉल्व्ह आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर हलवतात. आवाज बिघडला की संशय पहिल्यांदा व्हॉल्व्हवर जातो, कारण ते चटकन काढता येतात आणि विकताही येतात. तपास मात्र भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करावा.

२३० व्होल्टसाठी बनवलेल्या अ‍ॅम्पला २५० व्होल्ट मिळाले, तर व्हॉल्व्हच्या फिलामेंटचे ६.३ व्होल्ट ६.८५ पर्यंत चढतात. प्लेटचा दाबही त्याच प्रमाणात वाढतो. आवाज कडक होतो, व्हॉल्व्ह लवकर झिजतात. आमच्या जबलपुरात लग्नसराईच्या संध्याकाळी व्होल्टेज उतरून २०० वर आले, की तोच अ‍ॅम्प मऊ, दबलेला वाजतो. गिटारवादक एडी व्हॅन हॅलेन व्हेरिअ‍ॅक (दाब कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून मार्शल अ‍ॅम्पचा दाब मुद्दाम उतरवत असे, तो याच गुणासाठी. मांडवातल्या जनरेटरवर हा गुण फुकट मिळतो, फक्त नको त्या वेळी. सॉकेटमध्ये बसणारा स्वस्त व्होल्टमीटर पिशवीत असला, की निम्मे वाद मिटतात. घरघर थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला देणारे प्रत्येक मांडवात भेटतात. तो जीवघेणा सल्ला आहे.

यानंतर बायस. पॉवर व्हॉल्व्हमधून शांत अवस्थेत किती करंट वाहावा हे बायस ठरवते. याचे दोन प्रकार आहेत. फिक्स्ड बायसमध्ये ग्रिडला वेगळा ऋण दाब दिलेला असतो. तो बहुधा छोट्या प्रीसेटने जुळवता येतो, आणि व्हॉल्व्ह बदलल्यावर तपासावाच लागतो. कॅथोड बायसमध्ये मात्र कॅथोड आणि अर्थ यांच्यामध्ये एक रेझिस्टर असतो आणि व्हॉल्व्ह आपले आपण सावरतात. व्हॉक्सच्या एसी ३० वळणाचे, ईएल ८४ वापरणारे बरेच अ‍ॅम्प या दुसऱ्या प्रकारचे. त्यांत फिरवायला प्रीसेटच नसतो.

हा फरक प्रस्तुत लेखकाला एका बिलाने शिकवला. अ‍ॅम्प दोन ईएल ८४ चा, १५ वॉटचा. तक्रार एवढीच, की घरी गोड वाजणारा आवाज गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात चिरका होतो. शहरातल्या एका मेकॅनिकने गिटार लावलीच नाही. इनपुटमध्ये मोबाईल खुपसून एक सिनेमाचे गाणे वाजवले, मान हलवली आणि निदान केले : “साहब, ट्यूब थक गए हैं. पूरा सेट डालना पड़ेगा.” कुठे वाजवता, किती मोठ्याने वाजवता, अ‍ॅम्प कुठे ठेवता, यातला एकही प्रश्न त्याला सुचला नाही. बिलावर तीन ओळी होत्या : पॉवर ट्यूब दोन, छोटी ट्यूब तीन, बायस सेटिंग. जुने व्हॉल्व्ह मागितले तर ते “कबाड़ में गए”.

पुढच्या कार्यक्रमात आवाज तितकाच चिरका निघाला. वर नवीच भर पडली : प्रत्येक सुरामागे भांड्यासारखी एक टण्णकार. जबलपुरात सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र असल्याने व्हॉल्व्हवर हात बसलेली निवृत्त मंडळी अजून भेटतात. त्यांतल्या एकांनी चेसिस उलटी केली, एका पांढऱ्या जाड रेझिस्टरवर पेन्सिलीचे टोक टेकवले आणि विचारले, “ये तो कैथोड बायस है. सेट क्या किया उसने?” मेकॅनिकला फोन केल्यावर उत्तर आले, “बायस तो हर ट्यूब में होता है, भाईसाहब,” आणि फोन बंद. वाक्य खरे आहे. पैसे घेण्याजोगे त्यात काय होते, हे अजून कळलेले नाही.

टण्णकार शोधायला दुकान लागत नाही. अ‍ॅम्प चालू ठेवून, आवाज मध्यम ठेवून, मागच्या उघड्या बाजूने एकेका छोट्या व्हॉल्व्हला पेन्सिलीच्या लाकडी बाजूने हलकेच टिचकी मारावी. पहिल्या जागेवरच्या व्हॉल्व्हची थोडी टकटक ऐकू येणारच, कारण पुढचे सगळे टप्पे ती मोठी करतात. टिचकीनंतर आवाज रेंगाळत राहिला, तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक. तो फेकायचीही गरज नसते. अ‍ॅम्प बंद करून, व्हॉल्व्ह गार झाल्यावर त्याची फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर व्हॉल्व्हच्या लगेच आधीच्या टप्प्याच्या) जागेवरच्या ईसीसी ८३ शी अदलाबदल केली, की बहुधा उपद्रव थांबतो. वरच्या प्रसंगात तेवढेच केले, खर्च शून्य. चेसिस मात्र जाणकाराशिवाय उघडू नये. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

आता नॉब. फेंडर-मार्शल वळणाच्या अ‍ॅम्पमध्ये ट्रेबल, मिडल आणि बास एकमेकांत गुंतलेले असतात. ट्रेबल आणि बास दोन्ही चढवले की मधला पट्टा खचतो. नेमका तोच पट्टा गिटारचा असल्याने कीबोर्ड आणि ढोलक सुरू झाले की गिटार गायब. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडून हवी तेवढी फाट (डिस्टॉर्शन) गेनवर ठरवावी; मग गिटारचाच व्हॉल्यूम उतरवून स्वच्छ आवाज मिळवावा. बँडसोबत वाजवताना गेन घरच्यापेक्षा कमी लागतो. व्हॉक्सवर ‘कट’ नावाचा नॉब असतो. तो उलटा चालतो : चढवला की ट्रेबल कमी होतो. चिरकेपणावर पहिला हात त्यालाच घालावा.

घरचे सेटिंग मंचावर का फसते, याचे कारण कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले, की हळू आवाजात कानाला खर्ज आणि अतितार दोन्ही कमी ऐकू येतात. खोलीत बसून ते चढवले जातात आणि मोठ्या आवाजात तेच घुमतात, टोचतात. म्हणून टोन कार्यक्रमाच्याच आवाजात, इतर वाद्यांसह जुळवावा. वॉटचा भ्रमही सोडावा : स्पीकर तोच असेल, तर ५० वॉटचा अ‍ॅम्प १५ वॉटपेक्षा जेमतेम ५ डेसिबलने मोठा असतो.

शेवटचा टप्पा स्पीकरचा. बारा इंची स्पीकरचे तार स्वर सरळ समोर झोतासारखे जातात. अ‍ॅम्प जमिनीवर असला की ते वादकाच्या पोटऱ्यांना ऐकू जातात. मग वादक ट्रेबल वाढवतो आणि पहिली रांग कान झाकते. अ‍ॅम्प खुर्चीवर किंचित मागे कलवून ठेवला, की वादक आणि श्रोते एकच आवाज ऐकतात. गणेशोत्सवातला चिरकेपणा शेवटी एका प्लास्टिकच्या खुर्चीने आणि ‘कट’च्या पाव फेऱ्याने गेला. स्पीकरसमोरचा माईक शंकूच्या मध्यभागी टोचरा, कडेकडे मऊ वाजतो. आधी तो सरकवावा, मिक्सरला नंतर हात लावावा. स्पीकरचा ओहम आकडा मागच्या जॅकशी जुळलाच पाहिजे, आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो जबलपुरात आयता मिळत नाही.

दुकानात अ‍ॅम्प देण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हच्या बुडावर मार्करने खूण करावी, फोटो काढावा आणि जुने व्हॉल्व्ह परत देण्याची अट पावतीवरच लिहून घ्यावी. अट लिहायला जो कुरकुरतो, त्याच्याकडे अ‍ॅम्प ठेवू नये. पिशवीत एक चांगली ईसीसी ८३ आणि अ‍ॅम्पमधल्या फ्यूजच्याच आकड्याचे दोन स्लो-ब्लो फ्यूज असू द्यावेत.