जुन्या लिनक्सला रफू करावे की नवे कापड घ्यावे?

आपल्या अनेक व्यापारी बांधवांच्या दुकानात हिशेबाचा संगणक आहे. लिनक्स फुकट मिळते म्हणून काहींनी त्यावर उबुंटू बसवून घेतले. एकदा बसवले की वर्षानुवर्षे कोणी त्याकडे पाहत नाही. माझ्या कापड दुकानातही असेच 18.04 चालू राहिले.

प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. उबुंटूची एलटीएस म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते व तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. 18.04 ची ही मुदत मे 2023 मध्ये, 20.04 ची मे 2025 मध्ये संपली. मुदतीनंतरही संगणक चालतो, पण नव्याने सापडलेली भोके बुजवली जात नाहीत. त्याच यंत्रावर बँकेचे व्यवहार होत असतील तर हे बरे नाही.

आता आहे त्यावरच नवी आवृत्ती चढवावी, की सर्व पुसून नव्याने बसवावे? कापड मजबूत असेल तरच रफू करण्यात अर्थ असतो. विरलेल्या कापडाला सुई लावली की ते शेजारीच फाटते.

अपग्रेड केव्हा करावे? आपण एकच पायरी मागे असाल, डिस्कवर जागा असेल आणि बाहेरचे प्रोग्राम फारसे टाकलेले नसतील तेव्हा. 22.04 वरून 24.04 ही एक पायरी आहे. 18.04 वरून मात्र 20.04, 22.04, मग 24.04 असे जावे लागते. मधली एलटीएस गाळता येत नाही. प्रत्येक पायरीवर काही अडण्याची शक्यता असते. मध्येच वीज गेली तर यंत्र सुरूच न होण्याची भीती, म्हणून यूपीएस हवा.

दोन-तीन पायऱ्या मागे असाल किंवा आधीच चुका दिसत असतील, तर नव्याने बसवणे सोपे. यंत्र 32 बिटचे असेल तर नवे उबुंटू त्यावर बसतच नाही. लगेच सवड नसेल तर ‘उबुंटू प्रो’ घ्यावे. त्यात एलटीएसला एकूण दहा वर्षांपर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात; वैयक्तिक वापरास पाच यंत्रांपर्यंत ते मोफत आहे.

मी नव्याने बसवायचे ठरवले. ‘होम’ फोल्डरची नक्कल घेतली आणि निश्चिंत झालो. भाच्याने विचारले, “मामू, ही नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली का?” उघडली तर बिलांच्या फाइली होत्या, उधारीचे खाते नव्हते! आमच्या हिशेबाचा डेटाबेस ‘होम’मध्ये नव्हे, ‘व्हार’ फोल्डरमध्ये होता. डिस्क पुसली असती तर सगळी उधारी गेली असती.

म्हणून काम या क्रमाने करावे :

1. डेटाबेससह सर्व नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी घ्यावी.
2. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्यातील बाकी ताडून पाहावी.
3. नवी आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर व इंटरनेट तपासावे.
4. सुट्टीच्या दिवशी काम करावे, सणाच्या गर्दीत नको.

गिऱ्हाइकाचा हिशेब आपल्याकडे अमानत असतो. अपग्रेड करा किंवा नव्याने बसवा, नक्कल उघडून पाहिल्याशिवाय जुन्या डिस्कला हात लावू नका.