हार आणि कोपऱ्यातला माणूस

विद्यार्थी मित्रहो, आधी एक सोपे गणित सोडवा. बॉक्सिंगच्या एका वजनगटात ३२ खेळाडू उतरले. हरेल तो बाहेर, जिंकेल तो पुढच्या फेरीत. शेवटी एकदाही न हरलेले किती उरतील? फक्त एक. बाकी ३१ जणांच्या वाट्याला हार येणारच.

आता पदके मोजू. ऑलिंपिकच्या बॉक्सिंगमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी लढत होत नाही. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. म्हणजे चार पदकविजेत्यांपैकी तिघे आपली शेवटची लढत हरलेले असतात. आपल्या देशाला या खेळात ऑलिंपिकची तीन पदके मिळाली आहेत : विजेंदर सिंग (बीजिंग, २००८), मेरी कोम (लंडन, २०१२) आणि लवलीना बोरगोहेन (टोकियो, २०२१). तिन्ही कांस्य. तिघेही हरून रिंगबाहेर आले आणि तिघांच्याही गळ्यात आपण फुलांचे हार घातले. यांतला विजेंदर तर २००४ साली अथेन्सला पहिल्याच लढतीत हरला होता.

मग हरलेला खेळाडू पुढे कसा जातो? त्यासाठी लढत कशी चालते ते समजून घेऊ. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती. त्या मिनिटात खेळाडू आपल्या कोपऱ्यात येतो. तिथे उभा असलेला प्रशिक्षक त्याला पाणी देतो, घाम पुसतो आणि नेमके सांगतो : "डावा हात खाली पडतोय, तो वर ठेव." तो ओरडत बसत नाही, कारण वेळ थोडा असतो. खेळाडूला स्वतःची चूक दिसत नाही; कोपऱ्यातल्या माणसाला ती दिसते.

त्याच माणसाचे दुसरेही काम आहे. आपला खेळाडू फार मार खातो आहे असे दिसले, तर तो लढत थांबवू शकतो. हार पत्करून मुलाला वाचवणे हेही त्याचे कर्तव्य. डोक्याला ठोसा बसून लढत संपली, तर खेळाडूला सक्तीची विश्रांती घ्यावी लागते, मग त्याची कितीही इच्छा असो.

बॉक्सिंग आपल्या सौसर-पांढुर्ण्याकडे तसे नवे. आखाडा आणि दंगल मात्र घरोघरी माहीत. म्हणून कुस्तीतले एक उदाहरण घेऊ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. सराव सगळा लाल मातीतला, तिथे कुस्ती गादीवर. मातीत पाठ टेकली की निकाल; गादीवर गुणांचाही हिशेब. खाशाबा सहावे आले. आपण कुठे कमी पडलो हे त्यांना त्या हारेने दाखवले, आणि पुढची चार वर्षे ते त्यासाठी झटले.

पण १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. मागच्या वेळी सहाव्या आलेल्या मल्लासाठी! हेलसिंकीतही खाशाबा जपानी आणि सोव्हिएत मल्लांकडून हरले, तरी कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पालकहो आणि विश्वस्त मंडळी, आता आपल्याविषयी थोडे. स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेला मुलगा पुष्कळदा दुसऱ्या दिवसापासून मैदानावर दिसत नाही. चौकशी केली तर घरून उत्तर येते, "हरलाच ना, मग आता अभ्यास करू द्या." चूक आम्हा शिक्षकांचीही आहे. फलकावर आम्ही विजेत्यांचीच नावे लिहितो, हरलेल्याला जवळ बसवून "काय झाले रे?" असे विचारायचे राहून जाते. जे मिनिट त्याला सर्वांत गरजेचे, त्याच मिनिटाला त्याचा कोपरा रिकामा असतो.

आपल्याकडे मृगबहार हुकला म्हणून कोणी संत्र्याची झाडे तोडत नाही. पाणी कमी पडले की ताण कमी बसला, हे पाहतो आणि आंबिया बहाराच्या तयारीला लागतो. झाडाला जेवढा धीर देतो, तेवढा मुलाला द्यायला काय हरकत आहे? परीक्षेत नापास झालेल्या मुलालाही हेच लागू आहे.

विद्यार्थ्यांसाठी कृती :

१. ६४ खेळाडूंच्या बाद स्पर्धेत एकूण किती लढती होतील? उत्तर आणि हरणाऱ्यांची संख्या सारखीच का येते, ते लिहा.

२. आपली एखादी हार आठवा. "नशीब" आणि "पंच" हे दोन शब्द न वापरता तिची दोन कारणे लिहा.

३. त्या वेळी आपल्या कोपऱ्यात कोण होते? कोणी नसेल, तर येत्या स्पर्धेत तुम्ही कोणाच्या कोपऱ्यात उभे राहाल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनीही लिहावे, ही विनंती.