निवासी आवारातील जपानी नॉटवीड : ओळख, व्यवस्थापन व आपल्यासाठी बोध

जपानी नॉटवीड ही मूळची पूर्व आशियातील बहुवार्षिक वनस्पती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिलिप फॉन झीबोल्ड यांनी ती शोभेसाठी युरोपात आणली आणि १८५० मध्ये ती लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचली. आज ब्रिटनमध्ये घराच्या आवारात हे तण आढळल्यास घराची विक्री व तारण कर्ज दोन्ही अडचणीत येऊ शकतात.

ओळख : वसंतात लालसर कोंब फुटतात. खोडे बांबूसारखी पोकळ, पेरेदार व जांभळट ठिपक्यांची असून २ ते ३ मीटर उंच वाढतात. पाने ढालीच्या आकाराची व देठाकडे सपाट असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पांढरट फुलोरा येतो. हिवाळ्यात वरील भाग वाळतो. भूमिगत खोडे मात्र जिवंत राहतात.

प्रसार : ब्रिटनमधील झाडे एकाच मादी वंशाची असल्याने प्रसार मुख्यतः खोडांच्या तुकड्यांपासून होतो. मातीसोबत गेलेला लहानसा तुकडाही नवे झाड उभे करतो.

व्यवस्थापन :
१. अर्धवट खोदकाम टाळावे. त्यामुळे तुकडे पसरतात.
२. ग्लायफोसेट हे आंतरप्रवाही तणनाशक उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूत, पाने हिरवी असताना वापरावे. या काळात पानांतील अन्नद्रव्ये भूमिगत खोडांकडे जातात व त्यांच्यासोबत तणनाशकही पोहोचते.
३. उपचार अनेक वर्षे सुरू ठेवावेत. स्वान्सी विद्यापीठाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रक्षेत्र चाचणीत तीन वर्षांत कोणत्याही पद्धतीने समूळ उच्चाटन झाले नाही.
४. अवशेष कंपोस्ट खड्ड्यात टाकू नयेत. ब्रिटनमध्ये १९९० च्या पर्यावरण कायद्यानुसार तो नियंत्रित कचरा ठरतो, तर १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार हे तण मोकळ्या निसर्गात वाढू देणे गुन्हा आहे.
५. जैविक नियंत्रणासाठी २०१० पासून जपानमधील एक रसशोषक कीटक सोडण्यात आला. तथापि केवळ त्यावर विसंबता येत नाही.

आपल्यासाठी बोध : लव्हाळा व हरळी यांचेही बळ जमिनीखालीच असते. ओल्या जमिनीत रोटाव्हेटर फिरविल्यास गाठी व तुकडे शेतभर पसरतात. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी अवजारे स्वच्छ करणे, बाहेरील माती तपासूनच आणणे आणि तण लहान क्षेत्रात असतानाच रोखणे यांवर भर द्यावा. भारतात २०२२ पासून ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध असल्याने फवारणीपूर्वी प्रचलित नियमांची खात्री करून घ्यावी.