तुटलेला नट : हस्तव्यवसायाचा एक पाठ

'नट' हा शब्द कानी पडताच कोणाच्या डोळ्यांसमोर रंगभूमी उभी राहते, तर कोणास सायकलच्या चाकाचा पेचदार नट आठवतो. आम्ही ज्या नटाविषयी लिहीत आहोत, तो या दोहोंहून निराळा आहे. गिटारची दांडी जेथे संपते आणि खुंट्यांचा माथा सुरू होतो, तेथे एक अरुंद पट्टी आडवी बसवलेली असते. तिच्यातील सहा खाचांतून सहा तारा खुंट्यांकडे जातात. या पट्टीस नट म्हणतात. तंबोऱ्याच्या दांडीवरही याच कामाची पट्टी असते, हे वाचकांनी पाहिले असेल.

गेल्या पावसाळ्यात दहावीतील एक विद्यार्थी आपल्या घरची इलेक्ट्रिक गिटार घेऊन आमच्या हस्तव्यवसाय मंडळाकडे आला. गिटार त्याच्या वडिलांची. ते बोटीवर नोकरीस असतात आणि चतुर्थीला घरी यावयाचे होते. न विचारता ती खाली काढताना हातातून निसटली, प्लास्टिकच्या नटाचा कोपरा उडाला, आणि सर्वांत जाड तार खाचेत राहीना. वडील येण्यापूर्वी ती पूर्ववत व्हावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. आम्ही हे काम पूर्वी कधी केले नव्हते. ते करताना जे शिकलो, ते येथे मांडत आहोत.

प्रथम नटाचे कार्य समजून घेऊ. तार जेवढी आखूड, तेवढा तिचा स्वर उंच, हा नियम आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. तारेचा कंप पावणारा भाग एका बाजूस घोडीपाशी संपतो व दुसऱ्या बाजूस नटापाशी. या गिटारवर ते अंतर ६४८ मिलिमीटर होते. त्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर, बारावा पडदा येतो आणि तेथे मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो. पहिला पडदा नटापासून सुमारे ३६.४ मिलिमीटरवर असतो. ही सारी मापे नटाच्या पुढच्या कडेपासून घेतलेली असतात. ती कडच ढळली, तर मोकळ्या तारेचे पडद्यांशी असलेले नाते बिघडते.

खाचेची खोलीही तितकीच महत्त्वाची आहे. खाच उथळ असेल, तर पहिल्या पडद्यावर तार दाबताना ती अधिक ताणली जाते आणि स्वर चढा लागतो. खाच फार खोल गेली, तर मोकळी तार पहिल्या पडद्यावर आपटून खरखरते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली चुंबक व तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. पोलादी तार कंप पावली की गुंडाळीत वीज उत्पन्न होते व ती ध्वनिवर्धकाकडे जाते. अशी गिटार अमेरिकेत १९३२ साली विक्रीस आली. परंतु वीज स्वर मोठा करते, शुद्ध करीत नाही. तारेतील दोषही तितकाच मोठा होऊन ऐकू येतो.

आता कृतीकडे वळू. प्रत्येक तारेवर सात ते नऊ किलोग्रॅम वजनाइतका ताण असतो. म्हणून सर्व तारा थोड्या थोड्या करून सैल केल्या. नटाच्या कडेने धारदार चाकूची हलकी रेघ ओढली, म्हणजे नट निघताना दांडीवरील रोगण उखडत नाही. आमचा नट खोबणीत घट्ट बसला होता. तेव्हा बारीक दात्यांच्या करवतीने तो लांबीच्या दिशेने मधोमध कापला आणि दोन्ही भाग आतल्या बाजूस ढकलून काढले. करवत खोबणीच्या तळास लागू दिली नाही. मग तळाचा जुना गोंद खरवडला. लाकूड मात्र खरवडले नाही.

नव्या नटासाठी वाद्यांच्या दुकानातून हाडाची पट्टी आणली. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तिचा तळ सपाट केला व जाडी कमी करीत नेली. पट्टी बोटाच्या दाबाने खोबणीत बसावी. हातोडी लागली तर ती अजून जाड आहे असे समजावे. हाडाची धूळ श्वासात जाणे अपायकारक असते, म्हणून नाकातोंडावर मास्क बांधले होते.

त्यानंतर गणित. तारांच्या मध्यबिंदूंत समान अंतर ठेवले, तर जाड तारा एकमेकींजवळ दाटतात. म्हणून तारांमधील मोकळी जागा समान हवी. तारांच्या जाड्या ०.२५, ०.३३, ०.४३, ०.६६, ०.९१ व १.१७ मिलिमीटर, बेरीज ३.७५. बाहेरच्या दोन तारांच्या बाहेरील कडांत ३६ मिलिमीटर अंतर ठेवले. उरले ३२.२५; त्यास पाच फटींनी भागता प्रत्येक फट ६.४५ मिलिमीटर.

खोलीसाठी एक सोपी युक्ती आहे. पेन्सिल लांबीत अर्धी घासून तिची सपाट बाजू पडद्यांवर टेकवावी आणि नटावर रेघ ओढावी. ती रेघ पडद्यांची उंची दाखवते. खाचेचा तळ तिच्या किंचित वरच थांबला पाहिजे. खाच खुंट्यांच्या बाजूस उतरती ठेवावी, म्हणजे तार पुढच्या कडेवरच टेकते. तसे न झाल्यास सतारीसारखी झणझण येते. सतारीच्या घोडीवर हीच झणझण जवारी म्हणून मुद्दाम साधतात. गिटारच्या नटावर तो दोष ठरतो.

येथेच आमची चूक झाली. पाच खाचा उत्तम साधल्या, आणि संध्याकाळ होत आली म्हणून सहावीत कानस दोनदा अधिक फिरवली. तार चढवताच ती खरखरू लागली. घासून गेलेले हाड परत येत नाही. घिसाडघाईचे हे फळ घेऊन आम्ही गप्प बसलो.

दुसरी पट्टी त्या विद्यार्थ्याने स्वतः केली. आम्ही केवळ जवळ उभे राहिलो. दोन वेळा कानस फिरवायची, तार चढवायची, दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये ती दाबायची, आणि पहिल्या पडद्यावर केसाएवढी फट उरते का ते पाहायचे. पुन्हा तार उतरवायची. या क्रमाने त्यास चार दिवस लागले. शेवटी खाचांत पेन्सिलीची शिशाची पूड लावली, म्हणजे स्वर जुळवताना तार अडकत नाही. नट गोंदाच्या दोनच थेंबांनी चिकटवला, कारण पुढे कोणास तो पुन्हा काढावा लागेल.

चतुर्थीस वडील आले. त्यांनी गिटार मांडीवर घेऊन मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सुरात आहे." त्यांना काहीच कळले नव्हते. तेव्हा मुलाने आपण होऊन सांगितले, की नट नवा आहे, तो आपण बसवला, आणि जुना आपल्याच हातून तुटला. ही गोष्ट त्यानेच आम्हांस सांगितली. वडील काय म्हणाले, ते आम्ही विचारले नाही. मात्र दुसऱ्या आठवड्यात तो गिटार घेऊन शाळेत आला, आणि या वेळी विचारून आणली आहे, असे त्याने आम्हांस सांगितले.